थडग्यावर कोरलेला खून: थर्सलीचा अनामिक खलाशी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या एका खेड्यात, चर्चच्या आवारातल्या जुन्या थडग्याचा फोटो पाहण्यात आला. दगडाच्या वरच्या भागात तीन माणसं एकाला ठार मारतायत असं चित्र कोरलंय. खाली मजकूर आहे, कविता आहे, पण मेलेल्याचं नाव कुठेच नाही. हे थडगं खरं आहे की नंतर कोणी पर्यटकांसाठी केलेली करामत? खुनाचा प्रसंग थडग्यावर कोरायची तिथे पद्धत होती का? आणि त्यावर लिहिलंय ते कितपत खरं मानायचं?

थडगं खरं आहे. सरे परगण्यातल्या थर्सली गावातल्या सेंट मायकल अँड ऑल एंजल्स चर्चच्या आवारात ते आहे आणि त्याखाली खरोखर एक माणूस पुरलेला आहे. जुन्या थडग्यांवरचे लेख उतरवून घेणं आणि कोर्टाच्या कागदांशी ते ताडून पाहणं हेच माझं काम असल्यामुळे हा दगड मला चांगला परिचयाचा आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी घटना. अठराव्या शतकात लंडनहून पोर्ट्समथच्या आरमारी बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर खलाशांची सतत ये-जा असे. अंतर साधारण ७० मैल, आणि ज्याच्याकडे घोडागाडीचे पैसे नसत तो चालत जाई. २४ सप्टेंबर १७८६, रविवार. असाच एक खलाशी आपल्या जहाजावर परत चालला होता. थर्सलीच्या रेड लायन या खाणावळीत त्याची तीन जणांशी गाठ पडली: एडवर्ड लोनगन, मायकल केसी आणि जेम्स मार्शल. तेही पोर्ट्समथकडेच निघालेले, जवळ दमडी नाही. खलाशाने तिघांच्या खाण्यापिण्याचे पैसे दिले आणि चौघे बरोबरच निघाले. पुढे रस्ता हाइंडहेडच्या उजाड माळावर चढतो. तिथे डेव्हिल्स पंच बोल नावाची भलीमोठी खोलगट दरी आहे. तिच्या कडेला तिघांनी त्याला मारलं, गळा इतका चिरला की मुंडकं जवळजवळ धडावेगळं झालं, अंगावरचे कपडे काढून घेतले आणि प्रेत उतारावर लोटून दिलं.

मागून येणाऱ्या गावकऱ्यांना प्रेत लगेच सापडलं आणि पाठलाग सुरू झाला. तिघे काही मैलांवर रेक या गावी सन नावाच्या खाणावळीत सापडले, मेलेल्याचे कपडे विकायचा प्रयत्न करताना. हा तपशील लक्षात ठेवा. त्या काळात चोरीचे कपडे विकणं हा गुन्हेगाराला पकडण्याचा सगळ्यात खात्रीचा धागा असे, कारण कपडे महाग होते, जुन्या कपड्यांना हमखास गिऱ्हाईक होतं आणि कोणता अंगरखा कोणाचा हे लोक नेमकं ओळखत.

खटला मात्र लगेच उभा राहिला नाही. खुनासारखे गुन्हे ‘असाइझेस’ या फिरत्या न्यायालयापुढे चालत. न्यायाधीश वर्षातून साधारण दोनदा, वसंताच्या सुरुवातीला आणि उन्हाळ्यात, परगण्यात येत. सप्टेंबरात पकडलेल्या माणसाला वसंतापर्यंत तुरुंगात कुजत पडावं लागे. तसंच झालं. किंग्स्टनच्या असाइझेसमध्ये तिघे दोषी ठरले आणि ७ एप्रिल १७८७ रोजी, शनिवारी, हाइंडहेडवरच, खुनाच्या जागेजवळ त्यांना फाशी दिली. प्रेतांना डांबर फासलं, लोखंडी पट्ट्यांच्या सांगाड्यात जखडलं आणि उंच खांबावर टांगून ठेवलं. अशा खांबाला गिबेट म्हणत, म्हणून त्या टेकडीला आजही गिबेट हिल म्हणतात. जवळच्याच सेलबोर्न गावी राहणारे निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइट रोज हवामानाची टिपणं ठेवत. डिसेंबर १७९० च्या एका भयंकर वादळाची नोंद करताना, हाइंडहेडच्या खांबावरचं एक प्रेत खाली कोसळल्याचं त्यांनी जाता जाता लिहून ठेवलंय. म्हणजे साडेतीन वर्षांनीसुद्धा ती तिथे लटकत होती, आणि पोर्ट्समथच्या रस्त्याने जाणारा प्रत्येक जण ती बघत होता.

आता थडग्याकडे येऊ.

मजकुराचा सुरुवातीचा भाग मराठीत साधारण असा होईल: ‘एका उदार पण दुर्दैवी खलाशाच्या स्मरणार्थ, ज्याची २४ सप्टेंबर १७८६ रोजी हाइंडहेडवर तीन नराधमांनी निर्घृण हत्या केली, त्याने त्यांना सढळ हाताने खाऊपिऊ घातल्यानंतर आणि पोर्ट्समथच्या वाटेवर पुढेही मदत करण्याचं वचन दिल्यानंतर.’ त्याखाली बारा ओळींची कविता, खलाशाच्याच तोंडी घातलेली. ऐन उमेदीत, धडधाकट असताना मी तिघांच्या क्रौर्याला बळी पडलो. गुडघे टेकून दया मागितली पण रक्ताच्या तहानेपुढे सगळ्या विनवण्या फुकट गेल्या. माझ्यासाठी रडायला कोणी नातेवाईक नाही, मित्र नाही. तरीही माझ्या अवशेषांवर, माझं नाव ठाऊक नसताना, उदार जनतेने हा दगड कोरवला.

शेवटच्या दोन ओळी कामाच्या. ‘उदार जनतेने’ म्हणजे वर्गणीतून. कोणताही स्मृतिलेख वाचताना पहिला प्रश्न विचारायचा तो ‘यात काय लिहिलंय’ हा नव्हे, तर ‘याचे पैसे कोणी दिले’ हा. पाथरवट फुकट काम करत नाही. उठावातलं चित्र, त्याखाली गद्य मजकूर, त्याखाली बारा ओळी म्हणजे चांगलाच खर्च. त्या काळात अनोळखी वाटसरू मेला तर त्याला गावाच्या खर्चाने, दगडबिगड काही न लावता पुरून टाकत. इथे मात्र कोणाचाच कोणी नसलेल्या माणसाला गावातल्या एखाद्या सुखवस्तू घराण्याला शोभेल असं थडगं मिळालं. ज्यांच्या हद्दीत हे घडलं त्यांनी वर्गणी काढून जाहीर केलं की हे आम्ही केलेलं नाही आणि आम्हाला हे मान्य नाही. हा दगड शोकाचा आहेच, पण गावाच्या अब्रूचाही आहे, असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट: ‘गुडघे टेकून दया मागितली’ हे कोणी पाहिलं? माळावर चौघेच होते. एक मेला आणि बाकीचे तिघे मारेकरी. हे वाक्य साक्षीतून आलेलं नाही, पद्य रचणाऱ्याच्या मनातून आलंय. तारीख, ठिकाण, आरोपींची संख्या आणि त्याने पैसे खर्च केल्याची गोष्ट वेगळ्या वाटेने पडताळता येते. गुडघे टेकणं नाही. एकाच दगडावर, एकाच छिन्नीने कोरलेल्या दोन वाक्यांचं वजन असं वेगवेगळं असू शकतं. चित्राचंही तेच. ते घटनेचं रेखाटन नव्हे. त्या काळी अशा खुनांवर एकपानी छापील पत्रकं रस्त्यावर विकली जात आणि त्यांच्या माथ्यावर ठोकळ्यातून छापलेलं खुनाचं चित्र असे. थर्सलीचा दगड बराचसा त्या पत्रकाच्या मांडणीवर गेलाय: वर चित्र, मध्ये हकीकत, खाली पद्य.

ज्यांनी वीरगळ पाहिलेत त्यांना कोरलेली मारामारी नवी वाटणार नाही. फरक एवढाच की वीरगळावरचा माणूस लढताना मरतो आणि वर स्वर्गात जातो. इथे माणूस निव्वळ बळी आहे, आणि वर कसलाही स्वर्ग दाखवलेला नाही.

याच खुनाचा दुसरा दगड हाइंडहेडच्या माळावर, जुन्या रस्त्यालगत उभा आहे, आणि बहुतेक लोक या दोन दगडांची गल्लत करतात. तो थडग्याचा नाही, घटनास्थळाचा आहे. कॉसफर्डच्या जेम्स स्टिलवेल यांनी तो स्वखर्चाने उभारला. एका अनोळखी खलाशाच्या निर्घृण खुनाच्या ‘तिरस्कारार्थ’ तो उभारला असल्याचं त्यावर स्पष्ट म्हटलंय. बायबलमधलं ‘जो माणसाचं रक्त सांडेल त्याचं रक्त माणसाकडूनच सांडलं जाईल’ हे वचन आहे. आणि थडग्यावर नसलेली तीन नावं इथे कोरलेली आहेत: लोनगन, केसी, मार्शल.

म्हणजे हिशेब असा झाला. ज्याला मारलं त्याचं नाव दोन्हीपैकी एकाही दगडावर नाही, ते कोणाला कळलंच नव्हतं. पुढे तर्क मांडले गेले, पण दगडावर तो अनामिकच राहिला. आणि ज्यांनी मारलं त्यांची नावं सव्वादोनशेहून जास्त वर्षं उन्हापावसात टिकून आहेत. पण त्या तिघांना थडगं नाही. १७५२ पासून लागू झालेल्या खूनविषयक कायद्याने तशी तजवीजच केली होती. खुन्याला शिक्षा सुनावल्यावर मधे एक दिवस सोडून लगेच फाशी, आणि प्रेताचं दफन कोणत्याही परिस्थितीत तसंच होऊ द्यायचं नाही. एक तर ते शरीरशास्त्राच्या चिरफाडीसाठी शल्यवैद्यांकडे जाईल, नाही तर साखळदंडात टांगलं जाईल. हे दफन नाकारणं शिक्षेचाच भाग होतं, कारण पुनरुत्थानावर विश्वास असणाऱ्या समाजात ते मरणाहून वाईट मानलं जाई. चिरफाडीची तरतूद १८३२ मध्ये गेली, टांगण्याची १८३४ मध्ये. त्यामुळे त्या ऐंशी-एक वर्षांतल्या फाशी गेलेल्या खुन्याचं ‘थडगं’ म्हणून कोणी एखादा दगड दाखवला तर माझा पहिला प्रतिसाद संशयाचाच असतो.

स्टिलवेल यांच्या दगडाच्या मागच्या बाजूला एक शापही आहे: जो हा दगड हलवेल किंवा त्याला इजा करेल तो शापित होवो. पुढे रस्त्याची आखणी बदलली आणि दगड हलवावा लागला. नंतर तो परत जुन्या रस्त्याकडे आणला गेला, म्हणजे शाप किमान दोनदा ओढवून घेतला! हलवणाऱ्यांचं काय झालं याच्या गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात, त्या गोष्टी म्हणूनच ऐकाव्यात.

माळाची भीती लोकांच्या मनातून जाईना, तेव्हा १८५१ मध्ये सर विल्यम अर्ल या न्यायाधीशांनी गिबेट हिलवर ग्रॅनाइटचा क्रूस उभा केला. त्याच्या चार बाजूंना लॅटिन वचनं आहेत, त्यातलं एक ‘अंधारानंतर प्रकाश’. खुनाचा साधा उल्लेखही नाही. फाशीच्या खांबाची जागा पुसून तिथे दुसरं काही बसवण्याचा हा सरळ प्रयत्न होता, आणि तोही एका न्यायाधीशाने केलेला. तोवर गोष्ट फार पसरली होती. डिकन्सच्या ‘निकोलस निकलबी’ मध्ये निकोलस आणि स्माइक चालत पोर्ट्समथकडे जाताना स्टिलवेल यांचा दगड वाचतात, त्यामुळे ज्यांनी सरे कधी पाहिलं नाही त्यांनाही हा खून माहीत झाला. त्या कादंबरीत खून रात्री झाल्याचं म्हटलंय. दगडावर रात्रीचा उल्लेख नाही. बऱ्याच पर्यटन-पुस्तिकांत तो आजही ‘काळोख्या रात्री’ होतो. गोष्ट कुठून उचलली ते अशा एखाद्या शब्दावरून कळतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो: अशी पद्धत होती का? खुनाचं चित्र कोरण्याची पद्धत मुळीच नव्हती, थर्सलीचा दगड म्हणूनच विरळा. खुनाचा उल्लेख असलेले दगड मात्र इंग्लंड-वेल्समध्ये बरेच आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत त्यांचा बहर होता. तिथले अभ्यासक त्यांना ‘मर्डर स्टोन’ म्हणतात. हा काळ योगायोगाने आलेला नाही. गावात पगारी पोलीस नव्हते. कॉन्स्टेबल म्हणजे पाळीपाळीने ते काम गळ्यात पडलेला गावातलाच कोणी. खटला भरायचा तो बळीच्या नातेवाइकांनी किंवा गावातल्या कोणीतरी पुढाकार घेऊन. अशा व्यवस्थेत न्याय झाला हे लोकांना कायमचं दिसावं, किंवा झाला नाही हे विसरलं जाऊ नये, यासाठी दगड हे साधन होतं.

नॉटिंगहॅमशरमध्ये मॅन्सफील्डच्या रस्त्यालगतचा दगड पहिल्या प्रकारचा. पॅपलविकची एलिझाबेथ शेपर्ड, वय १७, ७ जुलै १८१७ रोजी काम शोधायला मॅन्सफील्डला गेली आणि परतताना मारली गेली. चार्ल्स रॉदरहॅम याने तिचे बूट आणि छत्री घेतली, ती विकायला गेला आणि त्यातूनच सापडला. पुन्हा कपडेलत्ते! उन्हाळ्याची असाइझेस तोंडावरच होती, त्यामुळे २८ जुलैला, म्हणजे तीन आठवड्यांत, त्याला फाशी झालीसुद्धा. दगडावर दोघांचीही नावं आहेत. दगड हलवला की तिचं भूत दिसतं अशी तिथे समजूत आहे. अशा प्रत्येक दगडाला शाप नाही तर भूत चिकटलेलं असतंच, त्याशिवाय गावाला चैन पडत नाही.

दुसरा प्रकार वेल्समध्ये, नीथजवळच्या कॅडॉक्सटनच्या चर्चच्या आवारात. दगडाच्या माथ्यावर ‘खून’ हा शब्द ठळक अक्षरांत आहे. मार्गारेट विल्यम्स, वय २६, घरकामाला असलेली, १४ जुलै १८२२ च्या रविवारी सकाळी चर्चच्या खालच्या दलदलीतल्या खंदकात मृतावस्थेत सापडली, अंगावर मारहाणीच्या खुणा. खुनी सापडला नाही. मजकूर पुढे त्याच्याबद्दलच बोलतो: माणसांच्या तपासातून तो काही काळ सुटला, तरी देवाने त्याच्यावर खूण केली आहे आणि रक्ताची हाक त्याचा पाठलाग करणारच, अशा अर्थाचा. त्या दगडाचा वाचक कोण हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. खुनी बहुधा आसपासचाच, दर रविवारी याच आवारातून चर्चमध्ये येणारा असणार, असं गृहीत धरून तो मजकूर बेतलाय. सगळ्या मर्डर स्टोनमध्ये मला हा सर्वात प्रामाणिक वाटतो. काय माहीत आहे (वय, दिवस, जागा, खुणा) आणि काय माहीत नाही, हे त्यात स्वच्छ वेगळं आहे. जिथे पुरावा संपतो तिथे तो देवाचं नाव घेतो, कोणा माणसाचं नाही.

याच्या अगदी उलट दगड सटन कोल्डफील्डच्या होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात आहे, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा.

मेरी ॲशफर्ड, विशीतली मुलगी. २६ मे १८१७ च्या संध्याकाळी ती मैत्रीण हॅना कॉक्सबरोबर टायबर्न हाउस या खाणावळीत नाचाला गेली. तिथून अब्राहम थॉर्नटन या गवंड्याबरोबर बाहेर पडली. पहाटे चारच्या सुमारास ती हॅनाकडे आली, नाचाचे कपडे बदलले आणि घराकडे निघाली. सकाळी एका पाण्याने भरलेल्या खड्ड्याच्या काठावर तिची टोपी, बूट आणि गाठोडं सापडलं, आणि खड्ड्यात ती. थॉर्नटनला पकडलं. संबंध आला हे त्याने कबूल केलं, पण तिच्या संमतीने. खून मात्र साफ नाकारला. ८ ऑगस्टला वॉरिकच्या असाइझेसमध्ये खटला उभा राहिला तेव्हा सगळं वेळेवर येऊन ठेपलं. ती कोणाला किती वाजता दिसली, तो कोणाला कुठे किती वाजता दिसला. पंचाईत अशी की प्रत्येक घरातलं घड्याळ वेगळी वेळ दाखवत होतं आणि ती सगळी आधी एका मापावर आणावी लागली. ताळा जमवल्यावर, ती निघाली त्यानंतर थोड्याच वेळात तो काही मैल दूर बऱ्याच लोकांना दिसला होता असं निघालं. ज्युरीने काही मिनिटांत, जागेवरून न हलता, त्याला निर्दोष सोडलं.

लोक खवळले. मेरीचा भाऊ विल्यम याच्या नावाने एक जवळजवळ विसरली गेलेली कायदेशीर वाट शोधून काढली गेली: निर्दोष सुटलेल्यावरही मृताच्या वारसाने खुनाची खाजगी फिर्याद करायची. त्यावर थॉर्नटनने त्याहून जुनी वाट काढली. नोव्हेंबर १८१७ मध्ये किंग्ज बेंच न्यायालयात त्याने हातमोजा खाली टाकला आणि मी निर्दोष आहे, माझ्या देहाने ते सिद्ध करायला तयार आहे असं सांगितलं. म्हणजे द्वंद्वयुद्ध! अशा फिर्यादीत आरोपीला तो हक्क मध्ययुगापासून होता आणि कोणी तो रद्दच केलेला नव्हता. तो हरला तर तिथेच फाशी, आभाळात तारे दिसेपर्यंत तगला तर सुटका. एप्रिल १८१८ मध्ये मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी निकाल दिला की कायदा आहे तसा सांगणं आमचं काम आहे, हवा तसा नाही, आणि कायदा द्वंद्वाच्या बाजूने आहे. अंगाने किरकोळ असलेल्या विल्यमने माघार घेतली आणि थॉर्नटन सुटला. १८१९ मध्ये संसदेने खाजगी फिर्याद आणि द्वंद्व दोन्ही रद्द केलं. थॉर्नटन पुढे अमेरिकेला निघून गेला.

आता दगड काय म्हणतो ते बघा. मजकूर डडलीचे पाद्री ल्यूक बुकर यांचा. ‘स्त्रियांच्या शीलाला इशारा म्हणून’ अशी त्याची सुरुवात. मेरी ‘योग्य सोबतीशिवाय, बेसावधपणे करमणुकीच्या ठिकाणी गेली’ आणि तिच्यावर ‘पाशवी अत्याचार होऊन तिचा खून झाला’. न्यायालयात बलात्कारही सिद्ध झाला नाही आणि खूनही. ती पाण्यात पडली की ढकलली गेली हेसुद्धा ठरलं नाही. दगडाने दोन्ही निकाल ठोकून दिले. त्याचबरोबर तिलाच बोल लावला: नाचाला गेलीस ना! तिचं नाव आहे, वय आहे, आणि तरी हा दगड तिच्याबद्दल नाहीच, तो बाकीच्या मुलींना दम भरण्यासाठी आहे. त्यापेक्षा थर्सलीच्या लोकांनी नाव माहीत नसलेल्या खलाशाला जास्त न्याय दिला, असं मी म्हणेन. आज तिचा दगड इतका झिजलाय की बहुतेक मजकूर वाचता येत नाही. छापील प्रतींतून तो पूर्ण टिकलाय.

तेव्हा, ‘दगडावर लिहिलंय म्हणून खरं’ असं धरू नका आणि ‘भावनाभडक आहे म्हणून खोटं’ असंही नको. तारखा आणि जागा सहसा बरोबर असतात, कारण गावातल्या प्रत्येकाला त्या ठाऊक असत आणि चूक लगेच पकडली गेली असती. विशेषणं, शेवटचे शब्द, मारेकऱ्याच्या मनातले हेतू हे सगळं वर्गणीदारांचं.

तुम्हाला अजून अशी थडगी बघायची असतील तर काही गोष्टी उपयोगी पडतील. वार आणि तारीख दोन्ही कोरलेली असतील तर जुळवून बघा. कॅडॉक्सटनचा रविवार बरोबर येतो. जुळलं नाही तर दगड नंतर कोरलेला किंवा पुन्हा कोरलेला असण्याची शक्यता वाढते. १७५२ च्या आधीच्या दगडांत मात्र जपून: तेव्हा इंग्लंडमध्ये जुनी दिनदर्शिका होती आणि वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांपुढे कधी कधी दोन सालं जोडीने दिसतात. कवटी आणि हाडांची फुली दिसली की खुनी, चाचे वगैरे शोधायला जाऊ नका. सतराव्या-अठराव्या शतकात ती सभ्य, अंथरुणात मेलेल्या माणसांच्या थडग्यांवर सर्रास असे, तूही मरणार आहेस एवढंच सांगायला. थडग्यावरचे लोखंडी पिंजरे, विशेषतः स्कॉटलंडमधले, हे मात्र खरोखर गुन्ह्याशी संबंधित आहेत. शरीरशास्त्राच्या वर्गांना विकण्यासाठी ताजी प्रेतं उकरून नेणाऱ्यांपासून ते राखण करत. १८३२ च्या शरीरशास्त्र कायद्याने प्रेतं रीतसर मिळू लागली आणि पिंजऱ्यांची गरज उरली नाही.

अस्पष्ट अक्षरं वाचायला खडू, पीठ, तारेचा ब्रश, ॲसिड यातलं काहीही दगडाला लावू नका. सूर्य कलता असताना जा, किंवा एखादा आरसा बाजूला धरून उजेड दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर सोडा. समोरून सपाट दिसणाऱ्या दगडात अक्षरांच्या कडांना सावली धरते आणि ओळी वर येतात. आरसा हळूहळू फिरवत प्रत्येक ओळीचे तीन-चार फोटो घ्या, कारण उभ्या रेघा एका कोनातून दिसतात आणि आडव्या दुसऱ्या. थर्सलीच्या उठावातल्या चित्रासाठीही हीच युक्ती. दुपारी बाराला काढलेल्या फोटोत चेहरे सपाट होतात. तुम्ही पाठवलेला फोटो बहुधा तसाच आहे.

आणि कागद. हाइंडहेडचा खून लंडनच्या ‘ओल्ड बेली’ न्यायालयाच्या ऑनलाइन नोंदींत सापडत नाही म्हणून ती दंतकथा आहे, असा युक्तिवाद मी बऱ्याचदा ऐकलाय. सापडणार नाहीच. ओल्ड बेलीत लंडन शहर आणि मिडलसेक्सचे खटले चालत. सरे परगणा असाइझेसच्या ‘होम सर्किट’मध्ये येई, आणि त्या फेरीचे कागद क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १७३३ च्या आधीचे लॅटिनमध्ये, नंतरचे इंग्रजीत. आरोपपत्र हाती लागलं तर त्यातली तारीख, गुन्ह्याची जागा आणि मारण्याची पद्धत टिपून घ्या, पण आरोपीचा धंदा आणि गाव याकडे काणाडोळा करा. कारकून सरसकट ‘मजूर’ लिहीत आणि गाव म्हणून गुन्हा झाला तेच ठोकून देत. लोनगन, केसी आणि मार्शल मूळचे कुठले हे आरोपपत्रावरून ठरवायला गेलात तर ते तिघेही थर्सलीचेच निघायचे.